अनेक डिस्कांच्या घरगुती मीडिया सर्व्हरसाठी कॅबिनेट कसे निवडावे: गोव्याच्या हवेचा विचार करून

गोव्यातल्या घरांत चित्रणांचा साठा पाहता पाहता वाढतो. जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मांडवात झालेली नाटके, चवथीच्या घुमट आरत्या, सप्ताहातली भजने, लग्नामुंजींच्या जुन्या व्हीएचएस आणि मिनीडीव्ही कॅसेटी आणि या सगळ्यावर रोज भर घालणारे मोबाइलचे चित्रण एका पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये मावेनासे झाले की घरातल्या कोणाच्या तरी मनात मीडिया सर्व्हर, म्हणजे हे सगळे साठवून घरभर दाखवणारा संगणक, बांधण्याचा विचार येतो. मग प्रोसेसर कोणता, मेमरी किती, सर्व्हरच्या प्रणालींत जेलीफिन बरे की प्लेक्स, यावर बरीच चर्चा होते आणि कॅबिनेट, म्हणजे हे सगळे भाग बसवायची पेटी, मात्र दुकानात जे शिल्लक असेल ते घेतले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. प्रोसेसर पुढे बदलता येतो आणि मेमरीही वाढवता येते, पण कॅबिनेट बदलायचे म्हणजे सगळे यंत्र सुटे करून पुन्हा जोडावे लागते. शिवाय समुद्रकाठच्या या पावसाळी प्रदेशात डिस्कांना ओल, खारी हवा आणि धूळ यांपासून काही संरक्षण मिळालेच तर ते कॅबिनेटकडूनच मिळते. म्हणून कॅबिनेटमध्ये किती डिस्क मावतात, यापेक्षा त्यांच्यावरून हवा कशी जाते आणि ते उघडून साफ करणे किती सोपे आहे, या दोन प्रश्नांना पुढे अधिक जागा दिली आहे.

खण किती हवेत

तरीही आकडा आधी ठरवावा लागतो. मिनीडीव्ही कॅसेट जशीच्या तशी संगणकावर उतरवली तर ताशी सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे शंभर तासांच्या कौटुंबिक संग्रहाला १.३ टीबी. सेकंदाला २५ मेगाबिट या दराने चित्रित केलेले तीन तासांचे नाटक सुमारे ३४ जीबी होते, आणि ब्लू-रेवरचा चित्रपट साधारण २५ ते ४० जीबी. असा हिशोब कागदावर मांडला तर बहुतेक घरांची आजची गरज त्यांना वाटते त्यापेक्षा कमी निघते.

समजा, २० टीबी लागणार आहे. आठ टीबीच्या चार डिस्क घेऊन त्यांतली एक पॅरिटीसाठी, म्हणजे एखादी डिस्क बिघडल्यास तिच्यातली माहिती परत उभी करण्यासाठी, राखली तर २४ टीबी वापरायला उरते. संगणक टीबी वेगळ्या रीतीने मोजत असल्यामुळे पडद्यावर आठ टीबीची डिस्क ७.२७ एवढीच दिसते, हेही त्यात धरावे. तेवढीच जागा चार-चार टीबीच्या सात डिस्कांतूनही मिळते. पण तीन डिस्क जास्त म्हणजे तेवढी उष्णता, तेवढी कंपने आणि तेवढ्या वायरी जास्त. म्हणून मोठ्या आणि मोजक्या डिस्क घ्याव्यात, निम्मे खण आज भरावेत आणि निम्मे पुढच्या वर्षांसाठी मोकळे ठेवावेत. सहा ते आठ खणांचे कॅबिनेट बहुतेकांना पुरते.

आठ या आकड्याला आणखीही एक कारण आहे. डब्ल्यूडी रेड प्लस किंवा सीगेट आयर्नवुल्फ या नेहमीच्या नॅस (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणयंत्रांच्या) डिस्क आठ खणांपर्यंतच्या यंत्रांसाठी बनवलेल्या असतात. रेड प्रो आणि आयर्नवुल्फ प्रो या महागड्या मालिकांना चोवीस खणांपर्यंत मान्यता आहे. शेजारशेजारच्या डिस्क फिरू लागल्या की एकीचे कंपन दुसरीच्या हेडला (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला) जागेवरून हलवते, आणि संख्या वाढते तसा हा त्रास वाढतो. डिस्क आठांहून अधिक हव्या असतील तर कॅबिनेटबरोबर डिस्कांच्या खर्चाचाही पुन्हा विचार करावा लागेल.

ओल आणि उष्णता

संगणकाच्या बाबतीत आपण उष्णतेला फार घाबरतो आणि ओलीकडे दुर्लक्ष करतो. डिस्कांच्या बाबतीत मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष याच्या जवळजवळ उलट आहेत. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण आढळला. फार वरच्या तापमानालाच तो काहीसा दिसू लागतो. २०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरांतल्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरच्या हवेवर थंड केल्या जाणाऱ्या या केंद्रांत डिस्कांच्या बिघाडावर सर्वांत मोठा परिणाम सापेक्ष आर्द्रतेचा होतो, विशेषतः कंट्रोलर आणि जोडण्या दमट हवेत अधिक बिघडतात, असे त्यात दिसून आले. त्याच अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष आपल्याला फार उपयोगी आहे. सर्व्हरच्या मागच्या भागात, म्हणजे इतर भागांवरून गरम होऊन आलेल्या हवेत ठेवलेल्या डिस्क कमी बिघडतात, कारण गरम झालेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते.

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत खोलीतली हवा २८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्र असली, तर तीच हवा कॅबिनेटमध्ये ३८ अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढेच राहते. पण तापलेल्या हवेची ते धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि ते धातूवर उतरत नाही. मिठाचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते ते सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर. मोरजी, मिरामार, कोलवा अशा ठिकाणी समुद्रावरून येणारे क्षार सर्किटवर बसणारच. पण भोवतालची हवा ७५ टक्क्यांच्या खाली राहिली तर ते कोरडे पडून राहतात, आणि वर गेली की त्यांचे खारे पाणी होऊन तांब्याला आणि सोल्डरला खाऊ लागते.

यावरून दोन गोष्टी निघतात. चालू असलेला, किंचित उबदार सर्व्हर हा पावसाळ्यात बंद ठेवलेल्या सर्व्हरपेक्षा सुरक्षित असतो. आणि डिस्क बर्फासारख्या थंड ठेवण्याच्या नादात प्रचंड वारा खेळवणारे कॅबिनेट घेण्याची गरज नसते. वारा मोजका, पण प्रत्येक डिस्कपर्यंत पोहोचणारा हवा. बहुतेक उत्पादक डिस्कच्या तापमानाची कमाल मर्यादा ६० अंश किंवा त्याहून थोडी वर देतात. माझ्या मते ३५ ते ४५ हा पट्टा आपल्याकडे आदर्श आहे.

वीज वाचवण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या डिस्क फिरायच्या थांबवण्याची सोय बहुतेक प्रणालींत असते. आठ डिस्क रिकाम्या फिरत असताना प्रत्येकी पाच वॉट धरले तरी महिन्याला सुमारे २९ युनिट होतात, त्यामुळे ती सोय वापरण्याचा मोह रास्त आहे. मात्र पावसाच्या चार महिन्यांत ती बंद ठेवावी.

वातानुकूलित शयनगृहात सर्व्हर ठेवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पावसाळ्यात गोव्याच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसीमुळे २३ अंशांवर आलेला बंद सर्व्हर, सकाळी दार उघडून बाहेरची हवा आत आली की, थंड पाण्याच्या तांब्याप्रमाणे घामेजतो. चालू सर्व्हरच्या बाबतीत हे होत नाही, कारण त्याचे भाग दवबिंदूच्या बरेच वर असतात.

सिलिका जेलच्या पुड्या कॅबिनेटमध्ये टाकून उपयोग नाही. पंखा दिवसभर नवी हवा आत ओढत असतो आणि त्या पुड्या लवकरच ओलावून निकामी होतात. सर्व्हर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणे तर अपायकारकच. टीव्हीवर भरतकामाचे कव्हर घालण्याची आपल्याकडची जुनी हौस सर्व्हरपासून दूर ठेवावी.

कॅबिनेटचे प्रकार

पणजी, म्हापसा किंवा मडगावच्या दुकानांत आज जी कॅबिनेटे समोर मांडलेली दिसतात ती बहुतेक गेमिंगसाठीची असतात: बाजूला काच, पुढे रंगीत दिव्यांचे पंखे आणि साडेतीन इंची डिस्कांसाठी एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या पेटीच्या) आवरणाखाली दडवलेले दोन खण. मीडिया सर्व्हरला त्यांचा उपयोग नाही. योग्य कॅबिनेट बहुधा मागवूनच घ्यावे लागते, ऑनलाइन किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, आणि म्हणूनच ते आधी कागदोपत्री नीट तपासून घेणे आवश्यक आहे.

सर्वांत व्यवहार्य प्रकार म्हणजे उभा टॉवर, ज्यात पुढच्या पंख्यांच्या थेट मागे डिस्कांची रास असते. अँटेक पी१०१ सायलेंट आणि २०१४ साली आलेले फ्रॅक्टल डिझाइनचे डिफाइन आर५ ही याची परिचित उदाहरणे असून दोन्हींत आठ-आठ डिस्क बसतात. यात पूर्ण आकाराचा मदरबोर्ड आणि साधा एटीएक्स (नेहमीच्या आकाराचा) एसएमपीएस बसतो, १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे संथ गतीने चालतात आणि प्रत्येक डिस्क वाऱ्याच्या झोतात असते. जागा अडते, हा एकच खरा तोटा. मात्र दोन्हींच्या नावाजलेल्या शांततेमागे पुढचे बंद दार आणि आतला आवाजरोधक थर आहे, आणि अशा थराविषयी मी आपल्या हवेत साशंक असतो. स्पंजासारखा फोम ओल धरतो, त्याला बुरशी येण्याची शक्यता असते आणि काही पावसाळ्यांनंतर त्याचा गोंद सुटू लागतो. दार काढून ठेवता येते का आणि फोमचे पत्रे सुटे होतात का, हे पाहूनच असे कॅबिनेट घ्यावे. पुढे सबंध जाळी असलेले कॅबिनेट मिळत असेल तर थोडा आवाज सोसून तेच घ्यावे.

दुसरा प्रकार दोन दालनांच्या चौकोनी पेटीचा. फ्रॅक्टलचे नोड ८०४ हे त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. एका दालनात मायक्रो-एटीएक्स (मध्यम आकाराचा) मदरबोर्ड असतो, दुसऱ्यात एसएमपीएस आणि वरून टांगलेल्या दोन पिंजऱ्यांत आठ डिस्क. डिस्कांचे दालन वेगळे असल्यामुळे त्यांचा वारा स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो. बैठकीच्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर मावेल असा हा आकार आहे. पण वायरी लावायला हात घालावा लागतो तिथे जागा अपुरी पडते, आणि मधली एक डिस्क बदलायची म्हटले तरी सगळा पिंजरा बाहेर काढावा लागतो.

तिसरा प्रकार पुढून डिस्क काढता-घालता येणाऱ्या लहान नॅस पेट्यांचा. जॉन्सबो एन३ मध्ये मिनी-आयटीएक्स (लहान आकाराचा) मदरबोर्ड आणि आठ डिस्क बसतात, एन५ मध्ये बारा. दिसायला सुबक आणि डिस्क बदलायला अतिशय सोयीचा असा हा प्रकार असला, तरी यात डिस्कांच्या मागे बॅकप्लेन नावाचा सर्किटचा पत्रा असतो आणि त्यामागे पंखे. हवेला त्या पत्र्यातल्या मोजक्या भोकांतूनच वाट काढावी लागते. गाळणीच्या तोंडावर हात धरल्यासारखी ही रचना थंड हवेच्या देशात चालून जाते. मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत ती काठावर येते. शिवाय मिनी-आयटीएक्स मदरबोर्डवर बहुधा डिस्क जोडायच्या चार किंवा त्याहून कमीच साटा जोडण्या आणि विस्तार कार्डासाठी एकच पीसीआयई खाच असते, म्हणजे ती एकमेव खाच डिस्कांच्या कार्डातच खर्ची पडते. जागेची खरोखरच चणचण असेल तरच या प्रकाराकडे वळावे, आणि तेव्हाही सगळे खण भरू नयेत.

रॅकमध्ये बसणारी ३यू किंवा ४यू पेटी पुष्कळांना खुणावते. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे ४यू पेटीची उंची सुमारे १७८ मिलिमीटर, आणि तिच्यात पंधरा किंवा अधिक डिस्क मावू शकतात. अडचण पुढून मागे मोजलेल्या खोलीची आहे. अशा पेट्या बऱ्याचदा साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास खोल असतात, तर सीसीटीव्हीवाले भिंतीवर लावून देतात ते रॅक ४५० ते ६०० मिलिमीटर खोलीचे. आणि या पेट्यांतले पंखे घरात बसून नाटक ऐकू देणारे नसतात.

जुने मोठे टॉवर मात्र दुर्लक्षू नयेत. सीडी ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची खणांची पुढे रांग असलेली कॅबिनेटे बंद पडलेल्या सायबर कॅफेंतून आणि कार्यालयांतून अजूनही स्वस्तात मिळतात. असे तीन खण मिळून पाच डिस्कांचा पिंजरा बसतो. त्यात डिस्क आडव्या न ठेवता कडेवर उभ्या ठेवलेल्या असतात. खणाची १४६ मिलिमीटर रुंदी आणि प्रत्येकी २६.१ मिलिमीटर जाडीच्या पाच डिस्क यांचे गणित केले तर दोन डिस्कांमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फट उरते. एवढ्या फटीतून हवा ओढायला मागचा लहान पंखा जोरात फिरवावा लागतो. पाचांच्या पिंजऱ्यात चारच डिस्क घालून मधला खण रिकामा ठेवणे, किंवा तीन खणांत चार डिस्क बसवणारा विरळ पिंजरा घेणे, हा त्यावरचा उपाय.

घेण्यापूर्वी काय तपासावे

पहिली गोष्ट म्हणजे उत्पादकाची पुस्तिका इंटरनेटवरून उतरवून वाचावी. जाहिरातीत दिलेली डिस्कांची संख्या बऱ्याचदा अशी असते की, ती गाठायची तर लांब एसएमपीएस लावता येत नाही, किंवा पुढचा एखादा पंखा काढावा लागतो. डिफाइन ७ एक्सएल या प्रचंड कॅबिनेटात अठरा डिस्क बसतात खऱ्या, पण तेवढे ट्रे सोबत येत नाहीत. उरलेले वेगळे विकत घ्यावे लागतात. ट्रे भारतात सुटे मिळतात का, हे कॅबिनेट घेण्याआधी पाहावे, कारण मॉडेल बंद झाल्यावर ते शोधणे जिकिरीचे होते.

डिस्कच्या भोकांचीही खात्री करावी. मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्कांना, हेलियम वायू भरलेल्यांना तर हमखास, तळाची मधली भोके नसतात किंवा ती वेगळ्या जागी असतात. जुन्या कॅबिनेटचा ट्रे फक्त तळातूनच स्क्रू घेत असेल तर अशी डिस्क दोनच स्क्रूंवर लटकते. ट्रे बाजूच्या भोकांतून डिस्क धरणारा असावा. स्क्रूंच्या बाबतीत साडेतीन इंची डिस्कला ६-३२ आट्यांचे स्क्रू लागतात आणि अडीच इंची एसएसडीला एम३. दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात आणि चुकीचा स्क्रू जोराने फिरवला की डिस्कच्या आट्या जातात. ट्रेमध्ये रबराच्या वायसर असाव्यात, म्हणजे कंपन पत्र्यात उतरून घुमत नाही; पण डिस्क हाताने सहज डुलेल इतके मऊ रबर नको.

हेलियम डिस्कांविषयी इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. साध्या डिस्कला गाळणी लावलेले श्वासाचे बारीक छिद्र असते, हेलियम डिस्क पूर्ण बंद असते. त्यामुळे आपल्या हवेत आतल्या पत्र्यांसाठी ती थोडी निर्धास्त; पण तिचे सर्किट बाहेरच असते आणि वर सांगितलेली सगळी काळजी त्याला लागूच राहते. साध्या डिस्कचे ते छिद्र लेबल किंवा टेपने कधीही झाकू नये.

पत्रा पाहावा. बहुतेक कॅबिनेटे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याची असतात आणि वरून रंग असतो. गंज लागतो तो सपाट भागाला नव्हे, तर कापलेल्या कडांना, पंख्याच्या जाळीच्या भोकांना आणि स्क्रूच्या डोक्यांना. या कडांपर्यंत रंग पोहोचला आहे का, ते बोट फिरवून आणि टॉर्च मारून पाहावे. दुकानात प्रत्यक्ष पाहता येत असेल तर बाजूचा पत्रा अंगठ्याने दाबावा. तो सहज वाकून डबडब करत असेल तर आठ डिस्कांच्या कंपनाने तो गुणगुणणारच. आठ डिस्कांचे वजनच साडेपाच किलोच्या आसपास होते. अ‍ॅल्युमिनियमचे कॅबिनेट गंजत नाही हे खरे, मात्र त्यात पोलादी स्क्रू असतील तर खाऱ्या हवेत त्या सांध्यापाशी पांढरी भुकटी धरते. किनाऱ्यापासून दूर, फोंडा किंवा साखळीकडे, हा प्रश्न कमी; तिथे उन्हाळ्यात तांबड्या मातीची बारीक धूळ हा मोठा शत्रू आहे.

धुळीसाठी फिल्टर पुढे असावा आणि तो कॅबिनेट न उघडता निघावा. ज्या फिल्टरसाठी चार स्क्रू काढावे लागतात तो कोणी धूत नाही. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत, म्हणजे आतला दाब किंचित अधिक राहतो आणि धूळ फिल्टरखेरीज दुसऱ्या फटींतून शिरत नाही. फिल्टर मेअखेरीस धुऊन पूर्ण वाळवावा आणि पावसाळ्यात फक्त ब्रशने झाडावा. ओला फिल्टर परत बसवणे म्हणजे पंख्याला पाणी पाजणे.

कौलारू घरांत पालींचा विचार करणे भाग आहे. सर्व्हर उबदार असल्यामुळे पालींना तो आवडतो, आणि मागच्या बाजूला विस्तार कार्डांच्या खाचांवरचे झाकण नसेल तर त्या आत शिरून अंडीही घालतात. स्वस्त कॅबिनेटांत ही झाकणे तोडून काढण्याची असतात, एकदा तोडली की भोक कायमचे उघडे. स्क्रूने बसणारी झाकणे असलेले कॅबिनेट घ्यावे आणि एकही भोक उघडे ठेवू नये. मुंग्यांना मात्र कोणतेही कॅबिनेट पुरेसे पडत नाही.

वीज आणि वायरी

डिस्क फिरू लागताना १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॉट, फक्त डिस्कांसाठी लागतात, आणि पुढच्या काही सेकंदांत हा भार चौथ्या हिश्श्यावर येतो. चांगल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस याला पुरतो. कॅबिनेट निवडताना पाहायचे ते एवढेच की, त्यात साधा एटीएक्स आकार बसतो की लहान एसएफएक्स घ्यावा लागतो. एसएफएक्स महाग असतो, दुकानात क्वचित मिळतो आणि त्याला साटा वायरीही कमी येतात.

वायरी कमी पडल्या की एकीच्या दोन करणारे जोड आणले जातात, आणि आग लागण्याचा धोका इथेच असतो. साटाच्या वीज जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे एका साटा जोडणीवरून सुरू होण्याच्या क्षणी दोनांहून अधिक डिस्क चालवू नयेत. मोलेक्स ही जुन्या पद्धतीची वीज जोडणी जास्त भार सोसते, पण मोलेक्सवरून साटा करणारा जोड घेताना प्लॅस्टिक ओतून बंद केलेला न घेता तारा वेगवेगळ्या दाबून बसवलेला घ्यावा. ओतीव जोडांत तारा एकमेकींना चिकटून ते पेटल्याची उदाहरणे सर्वश्रुत आहेत. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस बदलला तर जुन्याच्या वायरी नव्याला कधीही लावू नयेत: टोक बसते, पण आतल्या पिनांचा क्रम निराळा असू शकतो आणि सगळ्या डिस्क एका क्षणात जातात.

मदरबोर्डच्या साटा जोडण्या संपल्या की ९२०७-८आय यासारखे आठ डिस्क जोडता येणारे विस्तार कार्ड लागते. अशी कार्डे सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्याच्या हिशोबाने बनवलेली असल्यामुळे घरगुती कॅबिनेटात ती बोट भाजेल इतकी तापतात. कार्डाजवळ लहान पंखा लावायला जागा आहे का, हे पाहावे. चित्रण टीव्ही-मोबाइलवर पाठवताना इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांतली चित्ररूपांतराची अंगभूत सोय पुरेशी असल्याने मोठ्या ग्राफिक्स कार्डासाठी जागा राखण्याची गरज नसते. ती जागा हवेला द्यावी.

जुन्या घरांत अर्थिंग तपासावे. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या गाळणी कपॅसिटरांमुळे धातूच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग क्षीण होते. पावसाळ्यातल्या वारंवार जाणाऱ्या विजेसाठी यूपीएस लागणारच. तो सुरुवातीचा भार सोसणारा हवा, किंवा कार्डात डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय चालू करावी.

ठेवण्याची जागा आणि पहिली परीक्षा

चिऱ्याची भिंत पावसात पाझरते आणि फरशीला ओल येते. म्हणून कॅबिनेट भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून तेवढेच वर ठेवावे, खालून हवा ओढणारा एसएमपीएस असेल तर निश्चितच. खिडकीखाली, देवघरात उदबत्तीच्या धुराजवळ किंवा दार लावलेल्या लाकडी कपाटात ते ठेवू नये. सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, तर नकोच.

रिकाम्या खणांची तोंडे पुठ्ठ्याने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने बंद करावीत. हवा नेहमी मोकळी वाट धरते; शेजारचा खण उघडा असेल तर ती डिस्कांमधल्या अरुंद फटींतून जात नाही. प्रत्येक ट्रेच्या दर्शनी बाजूला डिस्कच्या अनुक्रमांकाची शेवटची चार अक्षरे लिहून चिकटवावीत, कारण बिघाडाच्या दिवशी प्रणाली अनुक्रमांकच दाखवते आणि चुकीची डिस्क ओढली गेली तर पॅरिटीचा उपयोग राहत नाही.

शेवटी सगळ्या डिस्कांना एकदम काम लावणारी पॅरिटी तपासणी दुपारी दोनच्या सुमारास सुरू करून, तासातासाला प्रत्येक डिस्कचे तापमान टिपावे. मधल्या डिस्क कडेच्यांपेक्षा चार-पाच अंशांनी अधिक तापणे स्वाभाविक आहे. एखादी ५० च्या वर जात असेल तर आधी पुढच्या पंख्याची गती वाढवावी. त्याने उतरली नाही तर तिच्या लगतची डिस्क दुसऱ्या खणात हलवून दोघींमध्ये एक खण मोकळा ठेवावा, त्या मोकळ्या खणाचे तोंड मात्र पूर्ण बंद न करता निम्मे उघडे ठेवावे, आणि तीच तपासणी पुन्हा घ्यावी.